माती तापली का?

मंगल,

तेराव्याचे मंडपवाले काल खांब उपटून घेऊन गेले. अंगणात खांबांची भोकं राहिलीत. तू असतीस तर एव्हाना ती बुजवून वरून हात फिरवून झाला असता, आणि वर मलाच म्हणाली असतीस, अक्का, पाय बगून टाका. मी ओट्यावर बसून हे लिहितेय. गेलेल्या माणसावर चार शब्द लिहायचं काम आपल्या घरात माझ्याकडं येतं, कारण मी शाळेतली बाई. सासूबाईंवर मी लिहिलं, मामंजींवर लिहिलं. जन्म कुठला, लग्न कधी झालं, मागं कोण कोण आहे. तुझ्यावर तसं लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला राग आला. म्हणून तुझ्याबद्दल लिहीत नाही, तुझ्याशीच बोलते. तुझ्याशी बोलायला मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. भांडायला तर नाहीच नाही.

आपण दोघी जावा. मी थोरली, परभणीत शाळेवर. तू धाकटी, इथं पेडगावला शेतावर. लोकांना वाटायचं जावा म्हणजे भांडणारच, आणि आपण लोकांना कधी निराश केलं नाही. पण माझ्या आजारपणात माझं डोकं कोणी धुतलं, आणि तुझ्या रेणूच्या लग्नात मुलाकडच्यांशी वाद कोण घालत बसलं, हे लोकांनी पाहिलं नाही. ते आपण कोणाला सांगितलंही नाही.

तुझ्या या अळिंबीचा मला सुरुवातीपासून वैताग होता, हे तुला माहीत आहे. बचत गटाच्या बायकांबरोबर तू विद्यापीठात प्रशिक्षणाला गेलीस आणि येताना हा शब्द घेऊन आलीस. पेडगावात तोवर कोणी अळिंबी म्हणत नव्हतं. कुत्र्याची छत्री म्हणायचे, आणि लेकरांनी हात लावला तर पाठीत धपाटा घालायचे. तिथं तुम्हाला शिकवलं ते प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि बंद खोलीत. तुझ्याकडं रिकामी खोली कुठली? एका खोलीत सोयाबीन, दुसऱ्या खोलीत तुम्ही दोघं. मग तू त्यांनाच विचारून आलीस की बाहेर झाडाखाली जमेल का. जमेल पण जपावं लागेल, असं ते म्हणाले म्हणे. तू त्यातलं जमेल एवढंच मोठ्यानं सांगितलंस आणि जपायचं मनात ठेवलंस. ते मनातलं मला पुढं दिसलं, वर्षभर तुझी लगबग पाहिली तेव्हा.

वाफ्यासाठी लाकडाच्या ढलप्या लागायच्या. त्या परभणीच्या सॉ मिलवर मिळायच्या, आणि सॉ मिल माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. झालं, माझं दार म्हणजे तुझी वखार झाली. पोती भरून ठेवायची, ऑटोवाला यायचा, त्याच्याशी घासाघीस मी करायची. शेजारची बाई मला विचारायची, बाई, चुलीवर स्वैपाक सुरू केला का? आणि ती पहिली खेप तर अख्खी कडुलिंबाची. तू ढलप्या भिजवल्यास, ड्रममध्ये उकळल्यास, त्यात मळणीनंतर उरलेली सोयाबीनची गुळी मिसळलीस, बी पेरलंस, वरून ओली पोती झाकलीस आणि रोज पोत्याचं टोक उचलून बघत बसलीस. काही उगवलं नाही. मी फोनवर हसले. म्हटलं, अगं, ज्या झाडाचा पाला आपण धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतो त्याच्यावर बुरशी वाढवतेस? तू इतकी हसलीस की फोन खाली ठेवावा लागला. त्यानंतर सॉ मिलवरच्या मिस्त्रीला तू स्वतः जाऊन सांगून आलीस, आंबा नाहीतर सुबाभूळ, लिंबाची एक ढलपी बी नको.

दुसऱ्या वाफ्यावर पांढरं चढलं. मी सुट्टीला आले होते. तू मला हाताला धरून आंब्याखाली नेलंस, पोतं उचललंस आणि नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस. ढलप्यांवर दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं. मला ते अजिबात छान वाटलं नाही, किळस आली. पण तुझं तोंड बघून मी म्हटलं, वा. तुझ्याशी एवढं एकच खोटं मी बोलले.

पांढरं चढलं की वरून बोटभर जाडीचा मातीचा थर द्यायचा. त्या थरातून दुधी अळिंबी वर येते, पांढरीशुभ्र आणि जाड देठाची. ही माती तशीच आणून टाकायची नाही. बांधावरच्या, झाडाखालच्या मातीत आणखी कशाकशाचं बी असतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून ती ओली करून ड्रममध्ये घालायची, वाफ निघेपर्यंत तापवायची, आणि तापल्यावरही झाकून ठेवायची. हे मला तूच समजावलंस, मी न विचारता. ढलप्या उकळायचं काम तुझं आणि माती तापवायचं काम सुभाषभाऊजींचं, कारण भरलेला ड्रम तुला हलत नव्हता. दरवेळी तू घरातून ओरडून विचारायचीस, माती तापली का? आणि ते शेतातून ओरडायचे, हो. मी आलेली असले की मला गंमत वाटायची. नवरा-बायकोचं दिवसातलं तेवढंच संभाषण, तेही ओरडून.

आणि तुझा तो नियम. त्यावर आपण किती भांडलो. नवं धान्य आलं की आपण आधी देवापुढं ठेवतो, मग गाईला देतो, मग पानात घेतो. अळिंबी काही देवाला चालत नाही, असं तूच ठरवून टाकलंस. गाईला घालायला तुझा जीव धजेना. मग नव्या वाफ्याची पहिली तोड तू एकटी खायचीस, दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी दुपार झाल्याशिवाय तो माल घराबाहेर जायचा नाही. घरातही कोणाला मिळायचा नाही. मी तुला म्हटलं होतं, माती तापवलीय, ढलप्या उकळल्यात, बी विद्यापीठातून आणलंय, मग चाखून बघायचं कशाला? आणि बघायचंच असेल तर तूच का? भाऊजींना खाऊ दे की एकदा. तू भाकरी थापता थापता मान न वळवता म्हणालीस,

"देवाला चालत न्हाई, गाईला घालायचं जिवावर येतं. मग ऱ्हायलं कोण, अक्का?"

मी म्हटलं, याला शहाणपण म्हणत नाहीत. तू म्हणालीस, न म्हणू देत. तो वाद तिथंच राहिला, आणि आता तो मला एकटीला घालावा लागतोय.

त्या रविवारी मी सकाळच्या गाडीनं आले. पाऊस तीन आठवडे रिपरिपत होता. नव्या वाफ्याची पहिली तोड तू आदल्या दिवशी केली होतीस, टोपलीवर ओलं फडकं झाकून ठेवलं होतं. गटातल्या बायकांना सोमवारी वाटा द्यायचा होता, त्यातल्या दोघी तो खाऊन बघून स्वतःचे वाफे सुरू करणार होत्या. आपण जेवायला बसलो. तू मला पिठलं वाढलंस आणि स्वतःच्या ताटात अळिंबीची रस्साभाजी घेतलीस. कांदा-खोबऱ्याचा वास घरभर सुटला होता. मला भूक लागली होती आणि मी चिडले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पिठलं आणि स्वतःला रस्सा, असं मी तुला बोलले. एकटी एकटी खातेस, पचायचं नाही तुला, असंही बोलले. तू हसलीस आणि म्हणालीस, उद्या दुपारी पोटभर खा, पातेलंभर करते. मग भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवलास. मी समोर बसले होते, मंगल. तो घास मी बघितलाय.

मी चिडवलं त्याची टोचणी लागली असं मी म्हणणार नाही. आपण आयुष्यभर एकमेकींना तसंच बोलत आलो, आणि त्या दिवशी मी गोड बोलले असते तरी रस्सा तोच होता. पण जेवायला बसले की समोर तू असतेस आणि मला पिठलं वाढतेस. तुझ्या त्या नियमानं मी वाचले. भाऊजी वाचले, गटातल्या बायका वाचल्या, त्यांची लेकरं वाचली. हे मी उपकार म्हणून लिहावं की तक्रार म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दिवस मावळता मावळता तुला उलट्या सुरू झाल्या आणि मग जुलाब. पहिल्यांदा तू काय केलंस तर भाऊजींना सांगितलंस, टोपली उकिरड्यावर न्या आणि वरून चुना टाका, ढोरं तोंड लावतील. मग दवाखाना. परभणीला सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तू उठून बसलीस. चहा मागितलास. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला तिच्या सुनेवरून चिडवलंस. मला म्हणालीस, अक्का, तुमची नजर लागली रश्शाला. सगळे हसलो. भाऊजी तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रेणू सासरहून, देवगाव फाट्याहून निघाली होती, तिला फोन करून सांगितलं, सावकाश ये, आई बरी आहे. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुन्हा रक्त काढायला सांगितलं. हे विष मध्ये असा एक चांगला दिवस देतं, ते आम्हाला नंतर कळलं.

त्या चांगल्या दिवसाचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

पुढच्या सकाळी तुझे डोळे पिवळे झाले आणि नांदेडला न्यायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये तुझ्याजवळ मी बसले, भाऊजी पुढं ड्रायव्हरशेजारी. मधली काच बंद होती. तू बराच वेळ वरच्या पत्र्याकडं बघत पडली होतीस. मला वाटलं झोप लागतेय. मग तू हळूच बोलायला लागलीस, बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब मनात जुळवावा तशी.

"ढलप्या म्या उकळल्या. बी विद्यापीठाचं. ऱ्हायली माती."

मी म्हटलं, गप्प पड. तू म्हणालीस, माती घातली तवा जळण ओलं व्हतं, कशानं तापवली आसंल? माझ्याही मनात तोपर्यंत तेच आलं होतं. तू माझं मनगट धरलंस. तुझा हात गरम होता आणि पकड अजून तुझीच होती.

"त्यांला म्हणू नका. कुणी इचारलंच तर माती मंगलनंच आणली म्हणा, तिनंच तापवली न्हाई म्हणा. मी जायलेय, मला काय फरक पडतोय. त्यांला जगायचं हाय."

मी म्हटलं, कोणी जात नाही आणि मी खोटं बोलणार नाही. इतकी वर्षं पोरांना वर्गात काय सांगत आले, आता या वयात ते मोडू? तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, लय शिकवायलाव तुमी. ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. त्यानंतर तू जे बोललीस ते तुझ्या आईशी, आणि तिला जाऊन किती वर्षं झाली.

तुला इथं आणलं, सगळं झालं, आणि त्यानंतर विद्यापीठातले एक सर येऊन गेले. चांगला माणूस, पायातली चप्पल काढून वाफ्याजवळ बसला. त्यांनी खुरप्यानं माती उकरली आणि आम्हाला दाखवलं. दुधीच्या घोळक्यातच दुसरी, तिच्यासारखीच पांढरी, पण बुडाशी मातीत पातळ पिशवी असलेली. मोठी झाली की ओळखू येते, म्हणाले, कोवळ्या कळीत बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. आणि चाखून बघणं ही काही परीक्षा नव्हे, तो सगळ्यात वाईट रस्ता, कारण हिचं विष लगेच कळत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. शंका आली की फेकायची, एवढाच उपाय. मी मनात म्हटलं, शंका आली असती तर तिनं फेकलीच असती. कळी कळी हातात धरून बघणारी बाई ती. पण माती तापलीय असं एकदा कानावर आल्यावर शंका यावी कशाला?

मग सरांनी साधेपणानं विचारलं, वरच्या थराची माती तापवली होती का? भाऊजी बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल नुकतेच पाणी प्यायले होते.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवले आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. कावळे होते, बाभळीवर बसलेले, पण खाली एकही येईना. ऊन निघालं, माणसं घामेजली. मग सुरू झालं ते नेहमीचं. तुझा भाऊ हात जोडून म्हणाला, रेणूचं बाळंतपण आमी करू, फिकीर करू नको. रेणू म्हणाली, आई, मी बाबांकडं बघीन. कोणी गटाचं नाव घेतलं, कोणी तुझ्या पांढऱ्या गाईचं. कावळा हलेना. भाऊजी पाण्याजवळ उघड्या अंगानं बसले होते. तुला काय हवं होतं ते तिथं फक्त मला माहीत होतं. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. तरी माझे पाय पाण्याकडं गेले.

मी भाऊजींच्या शेजारी बसले आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, मंगलनं मला गाडीत सांगितलं होतं, माती तिनंच आणली होती बांधावरून, घाईत तापवायची राहिली. तुमच्याकडं काही दोष नाही. बोलताना मी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं, आणि ते कळलं आहे हे मलाही कळलं. आम्ही दोघं तिथं तुझ्यासाठी गप्प बसलो.

कावळा तरीही आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

मला वाटलं होतं, आपण बोललो, संपलं. पण तू एक गोष्ट धरली नव्हतीस. माणूस गेला तरी त्याचं नाव गावात राहतं आणि लोक ते वापरतात. दोन दिवसांत तुझं नाव बदललं, मंगल. गटातल्या बायका येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, आपल्याला शिकवायची आन् सोता तापवली न्हाई, बगा. कोणी म्हणालं, हौस लय, धीर न्हाई. कोणी म्हणालं, बरं झालं सोमवार उजाडायच्या आत कळलं, न्हाईतर आमच्या लेकरांना घातलं असतं तिनं. तुझा नियम, ज्यानं त्यांची लेकरं वाचली, तो कोणालाच आठवेना. घाईत माती टाकणारी बाई, एवढीच तू उरलीस. आणि मी पदर तोंडाला लावून ऐकत बसायची. लिंबाची एक ढलपी बी नको म्हणून सांगणारी तू, आणि तुला मी माझ्या तोंडानं गबाळी करून ठेवलं होतं. रोज कोणीतरी येत होतं, आणि रोज मी तुझा शब्द पाळत होते.

तेराव्याला पंगत बसली. पहिल्याच पंगतीत तुझा भाऊ, तुझ्या माहेरची माणसं, आपल्या भावकीतले. भाऊजी वाढत फिरत होते. वरणाची बादली त्यांच्या हातात होती. तुझ्या चुलतभावानं, वाईट बोलायचं म्हणून नव्हे, हळहळ म्हणून, म्हटलं, आमची मंगल लहानपणापून अशीच, सगळं घाईत. भाऊजींनी बादली खाली ठेवली. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना आवाज चढवता येतो तो फक्त शेतातून घरापर्यंत.

"ती घाईची न्हवती. माती म्या आणली. जळण ओलं व्हतं, म्या तापवली न्हाई. तिनं इचारलं, तापली का, म्या हो म्हणलो."

मग माझ्याकडं बघून, मी रागावीन की काय अशा आवाजात म्हणाले, वहिनी, तिला म्हणाव मला हे झेपंना. मी खाली ठेवलेली बादली उचलून बाजूला केली.

तुझा भाऊ ताटावरून उठला. त्याच्यामागं तुझ्या माहेरचं एकेक माणूस उठलं. अर्धी ताटं तशीच राहिली. कोणी भांडलं नाही, कोणी अंगावर धावून गेलं नाही. ते झालं असतं तर बरं झालं असतं. हात धुऊन, चपला शोधून, ते गाडीत बसले आणि गेले. रेणू थांबली होती, पण ती त्या दिवसापासून बापाशी बोललेली नाही. त्यांच्या हातचं पाणीही घेत नाही. काल नवऱ्याबरोबर तीही गेली. जाताना माझ्या पाया पडली आणि बापाकडं न बघता बैलांच्या अंगावरून हात फिरवून गेली.

म्हणजे तू ज्याला भीत होतीस ते सगळं झालं. तू बरोबर होतीस. आणि त्याच संध्याकाळी गटातली एक बाई परत आली, जी सगळ्यात जास्त बोलली होती तीच, आणि तुझ्या फोटोसमोर बसून रडली. म्हणाली, आमच्याआधी तू खाल्लंस गं. त्या एका वाक्यासाठी मला भाऊजींचे पाय धरावेसे वाटले. मग मीही बरोबर होते का? शाळेत मी पोरांना सांगायची, खरं बोललं की मन हलकं होतं. भाऊजींचं झालेलं दिसत नाही. माझंही नाही. हा वाद आपण गाडीत अर्धवट सोडला होता. आता तू तिकडं आणि मी इकडं, आणि माझी बाजू ऐकून लय शिकवायलाव म्हणणारं कोणी नाही.

मी त्यांना माफ केलं का, असं विचारशील. नाही केलं. एक दिवस जळण ओलं असतं, माणूस कंटाळतो, हो म्हणून टाकतो, हे मला समजतं. त्याआधी प्रत्येक वेळी त्यांनी माती नीट तापवली होती, हेही माहीत आहे. आपण सगळेच रोज कुठं ना कुठं असा हो म्हणतो. पण सगळ्यांच्या हो वर कोणी भाकरी बुडवून खात नाही. त्यांना जेवायला मी वाढते, कारण तू म्हणालीस त्यांला जगायचं हाय. वाढते आणि समोर बसते. ते खातात का ते बघते. याच्या पलीकडचं माझ्याकडून मागू नकोस.

माझी रजा संपत आलीय. उद्याच्या गाडीनं परभणीला जायचंय. मागच्या गल्लीत सॉ मिल चालू असेल, मिस्त्री विचारेल, बाई, ढलप्या भरून ठेवू का? त्याला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

सकाळीच धूर आला म्हणून शेताकडं बघितलं. भाऊजींनी आंब्याखालचा वाफा सगळा खणून काढलाय. माती एका बाजूला, ढलप्या एका बाजूला. ड्रम पेटवलाय. आज सूर्य उगवल्यापासून ते तीच माती ओली करून ड्रममध्ये घालतायत, तापवतायत, बाहेर काढतायत आणि पुन्हा घालतायत. जळण सुकं आहे आता, चार दिवस पाऊस नाही. सर सांगून गेले होते की वाफा खोल पुरून टाका, तेवढं पुरे आहे. त्यांनी ते ऐकलं होतं, मी तिथंच उभी होते.

मी ओट्यावरून तशीच उठले, अंगणाच्या कडेला गेले, आणि तुझ्यासारखं ओरडून विचारलं, भाऊजी, माती तापली का?

त्यांनी मान वर केली नाही. ड्रममध्ये हात घातला, मूठभर माती काढली, तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिले. मग ती परत आत टाकली आणि खाली आणखी एक लाकूड सारलं.

"न्हाई, वहिनी. अजून न्हाई."